पेला त्यांच्या हातात दे

मानखुर्द,
११ ऑगस्ट

ती. आत्या,
जयभीम.

तुझं पत्र आलं नाही म्हणून मीच लिहायला बसले. फोनवर तुला ऐकू येत नाही. अंबादासदादाच्या मोबाईलवर मेसेज टाकला तर तो आधी स्वतः वाचतो, मग त्याची बायको, मग गिरणीवरची रांग, आणि उरलंसुरलं तुला. शेजारी असावा तर असा. त्यापेक्षा टपाल बरं.

बातमी आहे. मी शिकायला लागले. हसू नकोस. मामांनाही हसू देऊ नकोस. ते म्हणणार, ही पोरगी बालवाडीतून पळायची, इथून कधी पळते बघू. अंधेरीच्या मॉलमधलं काउंटर सोडलं ते तुला ठाऊक आहे. मग गोरेगावला शूटिंगमध्ये गर्दीत उभं राहायचं काम केलं. दिवसभर उभी राहायचे आणि टीव्हीवर एकदा माझा खांदा दिसला. तिथं जेवण मात्र झकास असायचं, पनीर आणि दोन भाज्या, वर जिलेबी. असो. मग घाटकोपरला एका आजोबांकडे दिवसाची आया म्हणून लागले. आजोबांची उजवी बाजू लकव्याने गेलेली. मी त्यांना बाहुलीला घालावेत तसे कपडे घालायचे, दोन मिनिटांत काम खलास.

तिथं आजोबांना थेरपी द्यायला गार्गी मॅडम यायच्या. एकदा त्यांनी माझा हात धरून मला बाजूला केलं. म्हणाल्या, "तू घालू नकोस. त्यांना घालू दे." लुळा हात आधी बाहीत, मग चांगला. काढताना उलटं. आजोबा घामाघूम झाले. शेवटचं बटण लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी इतके दिवस त्यांच्या घरातलं काहीतरी चोरत होते. आत्या, ते बघणं डोक्यातून जात नाही.

मॅडमच्या मुलुंडच्या सेंटरमध्ये एक वर्षाचा कोर्स असतो. ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट. म्हणजे मोठ्या थेरपिस्टच्या हाताखाली राहून माणसाला रोजची कामं परत शिकवायची, जेवणं, कपडे, उठणं-बसणं. सगळे त्याला नुसतं ओटी म्हणतात. तुला खणा-नारळाची ओटी आठवेल, मलाही तीच आठवली. बारावी पास लागते. माझी आहे, कशी आहे ते विचारू नकोस.

मामांना सांग, या वेळी मी पळणार नाही. मंडप कसे चाललेत? शिडीवर जपून चढा म्हणावं.

तुझी,
संघमित्रा


सेलू,
२० ऑगस्ट

चि. संघमित्रास मालन आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तुझ्या मामांना वाचून दाखवलं. ते हसले, पण आता त्यांचं अर्धंच तोंड हसतं.

लेकरा, बसून वाच. आखाडात ते ओट्यावर सुतळीचे बिंडे करत बसले होते. मी आतून बघितलं तर सुतळी तशीच हातात, आणि ते भिंतीला कलंडलेले. हाक मारत असतील तर मला काय ऐकू येणार. अंबादासने गाडी केली. परभणीला मोठ्या दवाखान्यात दोन आठवडे होते, नाकात नळी घालून. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं गेलं. आता घरी आणलंय.

तुला मुद्दाम कळवलं नाही. तू धावत आली असतीस आणि जे काही करत होतीस ते सोडलं असतंस. तुला सोडायला निमित्त लागतं, ते आम्ही देणार नव्हतो. मग तुझं पत्र आलं आणि त्यात हीच विद्या. मी पत्र दोनदा वाचलं. म्हटलं, आता सांगायलाच हवं.

सध्या मी त्यांना भरवते. नर्सबाईने बजावून सांगितलंय, पातळ काही द्यायचं नाही. ज्वारीची घट्ट आंबील करते, चमच्या-चमच्याने घालते. पाण्यातसुद्धा दवाखान्याची पावडर टाकून दाट करते. त्याला चव नसते. ते पाण्याच्या माठाकडे बघतात, मग माझ्याकडे. मी नाही म्हणते. अंबादास आला की मान फिरवून घेतात, त्याच्यासमोर तोंड उघडत नाहीत. ज्या माणसाने आख्ख्या तालुक्याची लग्नं उभी केली त्याच्या गळ्यात मी फडकं बांधते.

तू शिकतेस तर सांग, मी काय करू? मंडप नाही बांधला तरी चालेल. माणूस आपल्या हाताने जेवावा, एवढंच माझं मागणं आहे.

तुझी,
आत्या


मानखुर्द,
२८ ऑगस्ट

ती. आत्या,
जयभीम.

पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. माझ्या खोलीत राहणारी तेजल म्हणाली, कुणी मेलं का? मी तिच्यावर चप्पल उगारली. तुझा राग आला होता. अजून आहे. पण तू म्हणतेस तेही खरंच, माझी पिशवी भरूनसुद्धा झाली होती.

मग पिशवी रिकामी केली. इथं शिकले तर मामांना उपयोग, तिथं येऊन नुसती रडले तर कुणाला.

आता ऐक. रागावू नकोस, पण तू चुकतेस. आम्हाला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं, माणूस जे स्वतः करू शकतो ते त्याच्यासाठी करायचं नाही. तू माया करतेस आणि मामा बाळ होत चाललेत. घाटकोपरच्या आजोबांचं मी तेच करत होते. दवाखान्यात नर्सबायांना घाई असते, चमचा तोंडात घातला की काम झालं. ते दवाखान्यापुरतं. घर म्हणजे दवाखाना नाही.

चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ, जाड झाला की पकडता येतो. मामांना खाटेवर नाही, खुर्चीत बसव, पाय जमिनीला टेकलेले. ताट समोर ठेव आणि हात मागे बांधून बस. पाणी साधंच दे, माठातलं. पावडर नको, त्यांच्या तोंडची चव कशाला घालवतेस. पेला त्यांच्या हातात दे. डाव्या हाताने धरायचा, उजवा हात त्यावर नुसता ठेवायचा, त्या हाताला कळलं पाहिजे की काम चाललंय. सांडेल. सांडू दे. पुसायला धावू नकोस. आणि अंबादासदादा आला की ताट झाकू नकोस, त्याच्यासमोरच जेवू दे.

गार्गी मॅडमना विचारणार होते, पण त्या परीक्षक म्हणून पुण्याला गेल्यात, दोन आठवड्यांनी येतील. तोवर थांबायचं कशाला? हे मला येतं. वर्गात मी यात सगळ्यात पुढे आहे. शाळेत कधी नव्हते, म्हणून सांगते. परवा आम्हाला एक हात बांधून डबा खायला लावला. सगळ्यांची वाट लागली. तो धवल म्हणून एक मुलगा आहे, त्याने पोळी दातांनी फाडली, कुत्र्यासारखी, आणि मी नीट वरणभात संपवला.

मामांना सांग, मी आले की मला एका हाताने गाठ बांधून दाखवायची.

तुझी,
संघमित्रा


सेलू,
२० सप्टेंबर

चि. संघमित्रास जयभीम आणि आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. पहिले दिवस मला फार जड गेलं. माझ्या जावेने येऊन बघितलं आणि गल्लीभर सांगत सुटली, मालन नवऱ्याला उपाशी मारते. ते ताटात बोटं घालून झगडायचे आणि मी मोरीकडे तोंड करून बसायची. वीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं भरवली, घरच्या माणसाला भरवायचं नाही म्हणजे हाताला काय सांगू.

पण ऐक. पोळ्याच्या दिवशी अंबादास आला. तुझ्या मामांच्या हातात चहाचा पेला होता. निम्मा बंडीवर सांडला होता. अंबादास खाली वाकून, मला ओठ वाचता यावेत असा एकेक शब्द तोडून म्हणाला, "काय मामा, चहा पिताय का चहाला आंघोळ घालताय?" मी म्हटलं, आता हे पेला फेकणार. तर तुझ्या मामांचे ओठ हलले. अंबादास उडालाच. मी विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "मला म्हणाले, गप ए."

दवाखान्यातून आल्यावरचा तो त्यांचा पहिला शब्द, आणि तो मला ऐकू आला नाही. पण चालेल. मी बघितला.

आता भाकरी दुधात कुस्करून आपल्या हाताने खातात. पाणी आपल्या हाताने पितात. एक पेला झाला की दुसरा मागतात, इतक्या दिवसांची तहान आहे. गल्लीतली माणसं बघायला येतात. मी सांगते, माझ्या भाचीने टपालाने शिकवलं.

मधूनमधून ठसका लागतो. पाणी प्याले की अंबादास म्हणतो, मामांचा आवाज घशात पाणी खुळखुळल्यासारखा येतो. मला काय कळणार, मी खांदे हलताना बघते आणि पाठ चोळते. रात्री अंगही थोडं कोमट लागतं. पावसाने हवा बिघडलीय, गल्लीत सगळ्यांनाच खोकला आहे.

धम्मचक्र दिनाला येशील का? तुझी वाट बघतात.

तुझी,
आत्या


मानखुर्द,
२ ऑक्टोबर

ती. आत्या,
जयभीम.

"गप ए" वाचून मी बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. चहाची आंघोळ सगळ्यांना फार आवडली. गार्गी मॅडम तेव्हा आत पेशंटजवळ होत्या, त्यांना नंतर सांगेन. धवल म्हणाला, तू डिस्टन्स थेरपी सुरू कर, बोर्ड लाव. मी म्हटलं, लावीन, तुला शिपाई ठेवीन.

आता मला पेशंटजवळ बसू देतात. श्यामकांत म्हणून एक काका आहेत, मुलुंडचेच, बँकेत मोठे साहेब होते. सगळं ऐकू येतं, कळतं, पण बोलत नाहीत. त्यांना लाकडी पाटीवर बटणं लावायला देतात. ते बटण लावतात, काढतात, आणि मग माझ्याकडे बघून डोळे मिटतात. त्यांची बायको बाहेर बाकावर बसून राहते. तिला आत यायचं नसतं. अशा घरांत सगळं असतं आणि पेला हातात द्यायला कुणी नसतं. मला तुमचाच अभिमान वाटतो.

रविवारी जोगेश्वरीची लेणी बघून आले. जायचं होतं अंधेरीला, तेजलच्या बहिणीकडे बारशाला, पण वाटेत उतरले आणि आतच बसून राहिले. आत इतका गारवा आहे, आत्या. भिंतींतून पाणी पाझरतं. बारसं चुकलं. तेजल अजून बोलत नाही.

धम्मचक्र दिनाला जमणार नाही, तेव्हाच आमची वॉर्डची ड्यूटी लागली आहे. या वेळी सुट्टी घेऊन पळाले असं कुणी म्हणायला नको. दिवाळीच्या सुट्टीत येते.

खोकल्याचं मनावर घेऊ नकोस. हवेचाच असेल. आलं आणि तुळशीचा काढा कर, दिवसातून तीनदा पेलाभर, गरम. आणि तोही त्यांच्या हातात दे.

तुझी,
संघमित्रा


सेलू,
१४ नोव्हेंबर

चि. संघमित्रास जयभीम आणि आशीर्वाद.

तू आलीस, तीन दिवस राहिलीस, आणि एक शब्द बोलली नाहीस. मला ऐकू येत नाही, पण ओठ हललेले दिसतात. तुझे हलले नाहीत. तुझ्या मामांच्या जलदान विधीला भंतेजी बोलत होते तेव्हा तू उठून मागच्या दारी गेलीस. जेवलीही नाहीस. मी बघत होते.

लेकरा, मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरने सांगितलं, छातीत पाणी झालं, न्यूमोनिया. लकव्याच्या माणसाला होतो म्हणे. त्यांचं वय होतं. विड्यांनी छाती आधीच पोखरली होती. काढा मी शेवटपर्यंत चुकवला नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी अंगात ताप होता, तरी त्यांनी मला हाताने खूण केली, तू लांब बस. मी लांब बसले. त्यांनी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, एक थेंब न सांडता. मग माझ्याकडे बघितलं. तू पहिल्या पत्रात त्या आजोबांचं लिहिलं होतंस ना, तसंच नाही, पण असंच काहीतरी. मी तेवढ्यावर जगते. माणूस हात पसरून गेला नाही. हे तू दिलंस.

अंबादास सांगत होता, त्यांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी तुझा फोन आला होता, आणि तू घाबरून विचारत होतीस की मामांना पाणी देताय का. तो म्हणाला, देतोय की, भरपूर. मग तू फोन ठेवलास. तुला आतून कळलं असेल, माय, रक्ताला कळतं.

कोर्स सोडू नकोस. पत्र लिही.

तुझी,
आत्या


मानखुर्द,
१९ नोव्हेंबर

गार्गी मॅडम,
नमस्कार.

मी उद्यापासून येणार नाही. तोंडाने सांगता येणार नाही म्हणून लिहून तेजलच्या हाती पाठवते.

ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही गिळण्याचा धडा घेतला. आम्हाला मान मागे टाकून पाणी प्यायला लावलंत, मग हनुवटी खाली घेऊन. मग ती पावडर कालवून दाट केलेलं पाणी दिलंत. धवल म्हणाला, याला शेंबडाची चव आहे, सगळे हसले, मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, लकव्यानंतर घशाचं झाकण वेळेवर लागत नाही, पातळ पाणी फुप्फुसात जातं, म्हणून दाट द्यायचं. पाणी पिऊन ठसका लागला, आवाज खुळखुळला, बारीक ताप आला, तर तिथल्या तिथे थांबायचं.

तेव्हा मी उठून बाहेर गेले ती फोन करायला. माझ्या मामांना त्याच सकाळी दवाखान्यात नेलं होतं.

परभणीच्या नर्सने आत्याला बरोबर सांगितलं होतं. आत्या बरोबर करत होती. मी तिला पत्र लिहून थांबवलं. ठसका, आवाज, ताप, सगळं तिने मला जसंच्या तसं कळवलं, आणि मी तिला काढा द्यायला सांगितलं. आत्याला ऐकू येत नाही, मॅडम. तो आवाज तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला लिहून कळवला होता.

तुम्ही म्हणाल, तू असिस्टंट आहेस, पेशंट न बघता स्वतःच्या मनाने काही सांगायचं नसतं. हे तुम्ही पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे का बघितलं नाही, पण सांगितलं होतं.

आत्याला वाटतं, मी तिला फार मोठं काही दिलं. त्यावर ती दिवस काढते. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. पण तुमच्या वर्गात बसून परत पेल्याला हात लावणं मला जमणार नाही. श्यामकांत काकांना सांगा, गावाला गेली.

संघमित्रा


सेलू,
९ जानेवारी

चि. संघमित्रास जयभीम आणि आशीर्वाद.

दोन महिन्यांनी तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. कोर्स सोडला, अंधेरीला परत काउंटरवर लागले, बरी आहे. मी काय बोलू. तुझे मामा असते तर बोलले असते. तुला एखादी गोष्ट जमायला लागली की तू ती सोडतेस, लहानपणापासून बघते.

तू सोडलंस, पण मी सोडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी माणिक राहतो, टेम्पोवाला. तुला खांद्यावर बसवून जयंतीची मिरवणूक दाखवायचा तो. चाळिशीचा गडी, नाताळात त्याच्यावरून वारं गेलं, डावी बाजू. त्याची बायको पोरसवदा आहे, रडत माझ्याकडे आली, मावशी, तुम्ही मामांना कसं शिकवलं ते मला दाखवा. तिलाही दवाखान्यातून दाट पाणी आणि चमचा सांगितलाय. ती तेच धरून बसली होती.

मी तिला तुझी पत्रं वाचून दाखवली. चमच्याला ट्यूब गुंडाळून दिली. रोज सकाळी जाऊन बसते. परवापासून पावडर बंद केली, पेला त्याच्या हातात दिला. हात चांगला चालतो त्याचा, घटाघटा पितो. ठसकतो थोडा, खांदे हलतात, पण मी त्या पोरीला सांगितलं, घाबरू नकोस, आमच्याकडेही असंच होतं.

घरी बसून भिंत बघण्यापेक्षा बरं वाटतं. तुझे मामा अजून कामाला येतात असं वाटतं. माणिकसाठी आणखी काही सांगायचं असेल तर लवकर लिही.

तुझी,
आत्या


मानखुर्द,
१३ जानेवारी

ती. आत्या,
जयभीम.

हे पत्र पोहोचायच्या आधी अंबादासदादा तुझ्याकडे येऊन गेला असेल. तुझं पत्र हातात पडल्या पडल्या मी त्याला फोन केला. माणिकदादाला पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आज, आत्ता, आणि गाडी करून त्याला परभणीला न्यायचं. का, ते मी त्याला सांगितलं नाही. ते तुला सांगायचं आहे.

त्यानंतर मी मुलुंडला गेले. मॅडमना बाहेर बोलावलं. मी म्हटलं, मला शिकवू नका, फक्त लिहून घेऊ द्या. त्या म्हणाल्या, पेशंट न बघता मी काही लिहून देणार नाही, तूही देऊ नकोस. एवढंच कळव. दवाखान्यात त्याचं गिळणं तपासून घ्या. ते जे सांगतील ते करा. तोपर्यंत जे त्यांनी आधी सांगितलं होतं तेच, दाट, चमच्याने, सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, आणि तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा घास नाही. ठसका लागला की थांबायचं. हे त्यांचे शब्द आहेत, माझा एकही नाही.

आता माझे.

नर्सबाईने तुला बरोबर सांगितलं होतं. लकव्यात घसा गिळायचं विसरतो. पातळ पाणी पोटात न जाता छातीत जातं. दाट पाणी घशात सावकाश उतरतं, म्हणून ती पावडर. ठसका त्याचाच होता. खुळखुळ आवाज त्याचाच, अंग कोमट लागत होतं तेही त्याचंच. तू मला सगळं लिहिलं होतंस. मी काढा लिहिला. मी तेव्हा तो धडा शिकलेच नव्हते, तो नंतर आला. न शिकता सांगितलं, कारण तुला सांगताना मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं. ज्या दिवशी शिकले त्याच दिवशी फोन केला. रक्ताला काही कळलं नव्हतं, आत्या.

डॉक्टर म्हणतील, काहीही केलं असतं तरी झालं असतं. कदाचित. मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही.

तो पाण्याचा शेवटचा पेला, जो तू लिहिलास, त्यावर तू जगत होतीस. मी तो तुला तसाच ठेवू देणार होते. मरेपर्यंत सांगणार नव्हते. पण माणिकदादाच्या हातातून पेला काढून घ्यायचा तर का ते तुला कळायला हवं, नाहीतर तू त्या पोरीला आणखी कुणाच्या घरी शिकवायला पाठवशील.

मी रविवारी येऊ का?

संघमित्रा


सेलू,
२२ जानेवारी

चि. संघमित्रास जयभीम.

अंबादास आला तेव्हा मी माणिकच्या घरीच होते. तो दारातून हातवारे करत होता. मला वाटलं, कुणी गेलं.

पत्र नंतर आलं. एकदाच वाचलं.

तू लिहिलंस, पण देत मी होते. एक पेला झाला की दुसरा. नर्सबाईने माझ्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं होतं, तिचे ओठ मला अजून दिसतात. तिचं सोडून तुझं ऐकलं, कारण तू आपली होतीस. आणि त्यांचे खांदे हलायचे ते मी रोज बघत होते. मला कान नाहीत, डोळे होते.

येऊ नकोस. या रविवारी नको, पुढच्याही नको. मी तुला कळवेन. कळवलं नाही तर समजून घे. मुलुंडला जायचं का नाही ते तुझं तू बघ, मला विचारू नकोस. मी आता कुणाला काही सांगत नाही.

माणिकला परभणीला नेलं होतं. तिथं घशाची तपासणी केली आणि पाणी बंद केलं, सगळं दाट सांगितलं. त्याची बायको मला म्हणाली, मावशी, तुम्ही तर उलटं सांगितलं होतं. मी म्हटलं, हो.

घरी आणून आठवडा होत आला. ती त्याला चमच्याने भरवते, तो मान फिरवतो, ती पुन्हा भरवते. ताप नाही. खोकला थांबला.

मालन